बगीचा, तळं, टेकडी: सार्वजनिक जागेच्या देखभालीला उपयोगी पडेल असा छोटा अभ्यास कसा करावा

इंदुरात राजेंद्रनगरच्या बाजूला आमच्या नेहमीच्या बगीच्यात फाटकापाशी एक कोपरा आहे. दर पावसाळ्यात तिथं रोपं लागायची आणि होळीपर्यंत वाळून जायची. सलग तीन वर्षं हेच चाललं होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाचं त्यावर ठाम मत होतं. कुणी म्हणे माळी पाणी घालत नाही, कुणी म्हणे रोपवाटिकेतून रोपंच मरतुकडी येतात. एका सकाळी मी माळीदादांनाच विचारलं. हातातली नळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "पानी तो रोज देता हूँ दीदी, पर यहाँ जमीन पीती ही नहीं. ऊपर ही बैठा रहता है."

आम्हाला हवा होता तो संशोधनाचा प्रश्न त्या एका वाक्यात होता. तिथली जमीन पाणी का पीत नाही? बगीच्यात इतरत्र पिते का? हे मोजता येईल का? मोजलं तर पुढच्या पावसाळ्याआधी कुणाला काय वेगळं करता येईल?

हा लेख अशा प्रश्नांमागे लागू इच्छिणाऱ्या नव्या मंडळींसाठी आहे. कॉलेजचे विद्यार्थी, नुकतेच निवृत्त झालेले काका-मावशी, सिरपूरच्या तळ्यावर दुर्बीण घेऊन जाणारी मुलं, कॉलनीच्या बगीच्याची समिती चालवणारे. पदवी लागत नाही. महागडी उपकरणंही फारशी लागत नाहीत. लागते ती शिस्त, आणि सुरुवातीलाच विचारायचा एक प्रश्न: या अभ्यासाचं उत्तर कुणाच्या कामाचं आहे?

आपल्या इंदुरात ही परंपरा जुनी आहे, हे सांगायला मला मनापासून आवडतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी शहराचा आराखडा करायला आले, तेव्हा त्यांनी आधी गल्लीबोळ पायी तुडवले, घरं, विहिरी, नदीकाठ पाहिले आणि मग कागदावर रेघ ओढली. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी शहरातून मिरवणूक काढली होती, आणि जिथले लोक आपला रस्ता सगळ्यात स्वच्छ करतील तिथून ती जाईल असं जाहीर केलं होतं. प्लेगचे दिवस होते ते. पुढं १९२४ मध्ये शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी दरबारानं दिलेल्या जमिनीवर वनस्पती संशोधन संस्था उभी केली. यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरलेल्या दिवशी ढीग उलथवून, त्यांनी सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. जगभर तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात. दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी होती. पाहणी आधी झाली आणि उपाय नंतर ठरला, आणि उपाय ज्यानं करायचा त्याच्या खिशाला आणि हाताला तो झेपेल असाच होता.

१. जागा कुणाची, ते आधी शोधा

हे कंटाळवाणं वाटतं, पण इथं चुकलात तर महिने वाया जातात. कॉलनीतला बगीचा बहुधा नगर निगमच्या उद्यान विभागाकडे असतो. काही उद्यानं विकास प्राधिकरणानं उभारलेली असतात आणि नंतर हस्तांतरित होतात, काही होत नाहीत. रालामंडलची टेकडी १९८९ पासून अभयारण्य आहे. अडीच चौरस किलोमीटरच्या आतलंच, पण कायद्यानं अभयारण्य, म्हणजे तिथला मालक वन विभाग. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, त्यामुळे तिथं नगर निगमसोबत राज्य पाणथळ प्राधिकरणाचाही संबंध येतो. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली रामसर पाणथळ शहरं ठरली. हा मान मिळाल्यापासून तळ्यांच्या नोंदींना चांगलेच दिवस आले आहेत, म्हणून नव्या माणसानं सुरुवात करायला ही वेळ उत्तम.

झोन कार्यालयात जाऊन विचारा, पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना विचारा. बगीच्याच्या फाटकावरची पाटीही वाचा, अर्धं उत्तर बहुतेक वेळा तिथंच असतं. कागद मिळतच नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण पहिली भेट अर्ज घेऊन करू नका. आधी बोला. बहुतेक माणसं सांगायला तयार असतात.

२. प्रश्न असा हवा की उत्तरानं निर्णय बदलेल

माझा पहिला अभ्यास पूर्ण वाया गेला, तो इथं सांगते, म्हणजे तुमचा जाणार नाही. एका हिवाळ्यात आम्ही चौघी दर रविवारी सिरपूरला जात होतो. मिळतील ते पक्षी मोजत होतो. कधी सात वाजता पोचलो, कधी साडेनऊला. कधी बांधाच्या बाजूनं पाहिलं, कधी समोरून. वहीत वारकरी, थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू, शेकाट्या यांच्या लांबच लांब याद्या झाल्या. मार्चमध्ये मोठ्या उत्साहानं ती वही घेऊन एका अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी पानं शांतपणे उलटली आणि दोनच प्रश्न विचारले. जलकुंभी (जलपर्णी) काढली त्या भागात पक्षी वाढले का? आणि पुढच्या वर्षी कुठली बाजू आधी साफ करू?

माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. यादी सुंदर होती, पण त्यांच्या कामाची नव्हती. कारण त्यांना काय ठरवायचं आहे हे मी सुरुवातीला विचारलंच नव्हतं.

म्हणून आता मी उलट्या बाजूनं सुरू करते. जागा सांभाळणाऱ्या माणसाला विचारते, येत्या वर्षात तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि कशावर अडलंय? उत्तरं फार साधी येतात. पालापाचोळा झाडून न्यायचा की झाडाखालीच ठेवायचा. कोणत्या जातीची रोपं मागवायची. फाटक पहाटे पाचला उघडावं की सहाला. तळ्याच्या कोणत्या काठावर लोकांना जाऊ द्यायचं. आणि हा प्रश्न साहेबांइतकाच माळी, चौकीदार, वनरक्षक, नावाडी यांनाही विचारा. त्यांना जागा रोज दिसते. आमच्या कोपऱ्याचं उत्तर माळीदादांच्या एका वाक्यात होतं आणि आम्ही तीन वर्षं त्यांनाच दोष देत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

३. आता तो प्रश्न कापून लहान करा

'इंदूरच्या बगीच्यांचं पर्यावरण' हा विषय दहा जणांच्या पथकाला दहा वर्षं पुरेल. 'आमच्या बगीच्यात तुडवलेल्या जागी पाणी कुंपणातल्या वाफ्यापेक्षा किती हळू मुरतं' हे दोन रविवारांत होतं. एक जागा, एक मोजमाप, एक तुलना. तुलना मात्र हवीच. नुसता कोपरा मोजला असता तर पाणी हळू मुरतं एवढंच कळलं असतं. कशाच्या मानानं हळू, ते शेजारच्या वाफ्यानं सांगितलं.

काही बदल करून पाहायचा असेल, समजा झाडाखाली पाचोळ्याचं आच्छादन, तर चार नोंदी लागतात: आच्छादन घातलेल्या वाफ्याची आधीची आणि नंतरची, आणि न घातलेल्या तशाच वाफ्याचीही आधीची आणि नंतरची. दुसरा वाफा सोडून दिलात तर मधेच झालेल्या अवकाळी पावसाचं श्रेय तुम्ही पाचोळ्याला देऊन बसाल.

४. परवानगी

सार्वजनिक बगीच्यात उभं राहून पक्षी मोजायला किंवा टेपनं झाडाचा घेर घ्यायला सहसा कुणी अडवत नाही. तरी एक पानाचं पत्र द्याच. त्यात कोण, काय, कुठं, किती दिवस, आणि काय करणार नाही हे लिहा. शेवटचा मुद्दा सगळ्यात उपयोगी पडतो. खिळा ठोकणार नाही, फांदी तोडणार नाही, माती बाहेर नेणार नाही, लोकांचे फोटो काढणार नाही. पत्र हिंदीत लिहा, कारण कार्यालयाचं काम हिंदीत चालतं, आणि शिक्का मारलेली प्रत फाइलमध्ये जपून ठेवा.

अभयारण्यात गोष्ट वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यास, संशोधन आणि छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी मुख्य वन्यजीव अभिरक्षक देतात. रालामंडलला तिकीट काढून फिरणं आणि तिथं नोंदी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राणी किंवा पक्षी पकडणं, ओळखीसाठी पायात कडी घालणं, नमुना घेणं हे नव्या माणसानं मनातही आणू नये. त्याला वेगळी परवानगी आणि प्रशिक्षित हात लागतात. वनमंडल कार्यालयातून अर्जाचा नमुना घ्या आणि दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

५. मोजायचं कसं

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण अभ्यास बहुतेक इथंच घडतो किंवा बिघडतो.

माती. डालड्याचा किंवा रंगाचा रिकामा, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा घ्या. दोन्ही बाजू कापून नळकांडं करा, कडा कानशीनं घासा, नाहीतर बोटं कापतात. वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं तो सात-आठ सेंटिमीटर मातीत बसवा. आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर ४५० मिलीलीटर पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या, म्हणजे माती उखडत नाही. एवढ्या डब्यात एवढं पाणी म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर पाऊस. पहिलं पाणी माती ओली करण्यापुरतं. ते मुरलं की तेवढंच दुसरं पाणी ओता आणि घड्याळ लावा. खरं वाचन दुसऱ्या पाण्याचं.

आम्ही फेब्रुवारीत हे केलं. कुंपणातल्या वाफ्यात डबा हातानं दाबला तरी अर्धा आत गेला आणि पाणी डोळ्यांदेखत उतरलं. फाटकाच्या कोपऱ्यात हातोडीचे घाव घालताना वरचं फळकूट चिरलं. दुसरं पाणी ओतून आम्ही बाकावर बसलो, थर्मासातला चहा सगळ्यांनी पिऊन झाला, गप्पा झाल्या, तरी डब्यात आभाळ दिसत होतं. माळीदादा वाकून पाहत होते आणि काही बोलत नव्हते. मग त्यांनीच फाटकाकडे हात केला. आत येणारा प्रत्येक माणूस फरसबंदीचं वळण टाळून त्या कोपऱ्यातून तिरका जात होता. शेकडो पावलांनी रोज ती माती चेपली जात होती.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल एक सावधगिरी. उन्हाळ्यात ती भेगाळते. डबा भेगेवर बसला तर पाणी क्षणात गडप होतं आणि तुम्हाला वाटतं जमीन फार छान मुरवते. पावसाळ्यात तीच माती फुगून बंद होते. म्हणून भेगा पडण्याआधी आणि चिखल नसताना, म्हणजे हिवाळा संपता संपता वाचन घ्या, आणि दरवर्षी त्याच सुमारास घ्या. प्रत्येक प्रकारच्या जागेत निदान पाच ठिकाणी डबा बसवा. एका वाचनावर काही ठरवू नका.

झाडं. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. एका काठीवर तेवढी खूण करून ती सोबत ठेवा. माणसागणिक छातीची उंची वेगळी असते, काठीची नसते. टेप शिंप्याची कापडी चालेल, पण ती ताणते, म्हणून दर महिन्याला पोलादी पट्टीशी ताडून पाहा. उतारावरच्या झाडाचा घेर वरच्या बाजूनं उंची मोजून घ्यावा. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. तिथं गाठ किंवा फुगवटा असेल तर त्याच्या जरा वर मोजा आणि तसं लिहा. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास मिळतो. नंबर खडूनं टाका आणि नकाशावर लिहा. झाडांना खिळे ठोकून पत्र्याचे बिल्ले लावणं मला अजिबात मान्य नाही.

सगळी झाडं मोजणं शक्य नसेल तर चिठ्ठ्या टाकून वीस-पंचवीस निवडा. डोळ्यांनी निवडाल तर नकळत देखणी, गोल घेराची, रस्त्यालगतची झाडंच निवडाल. कोपऱ्यातला किडका कडुनिंब राहून जाईल, आणि खरं तर तोच पाहायचा असतो.

पक्षी. आमच्या सिरपूरच्या चुकीवरून शिकलेलं सांगते. जागा पक्क्या करा. काठावर चार किंवा पाच, एवढ्या पुरेत. नकाशावर खूण आणि त्या जागेचा फोटो ठेवा. प्रत्येक जागी दहाच मिनिटं थांबा. सूर्योदयानंतर तीन तासांच्या आत, ऊन पाठीशी ठेवून मोजा. वारा, धुकं, काठावर गर्दी, कुत्री, जे असेल ते लिहा. वारकऱ्यांचा मोठा थवा पाण्यावर असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा आणि मग तसे किती तुकडे होतात ते पाहा. दोघांनी एकमेकांना न विचारता वेगवेगळं मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांत मोठा फरक आला तर पुन्हा मोजा.

आणि काही दिसलं नाही तर शून्य लिहा. रिकामी ओळ आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकामी ओळ सांगते की तुम्ही गेलाच नाहीत. शून्य सांगतं की तुम्ही गेलात, दहा मिनिटं पाहिलंत आणि पक्षी नव्हते. जलकुंभी काढल्यावर पक्षी आले हे सिद्ध करायला काढण्याआधीची ती शून्यंच लागतात.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबागेतली पक्षीगणना असते. स्वतःचा अभ्यास सुरू करण्याआधी यांपैकी एकीत जाणत्या माणसासोबत जरूर जा. एका सकाळीच डोळे आणि कान तयार होतात.

घरट्यांची जागा कुठंही जाहीर करू नका. यशवंत सागरच्या परिसरात सारस आहेत आणि सारसाची जोडी पावसाळ्यात उथळ पाण्यात घरटं करते. फोटोच्या हौसेनं चार माणसं जवळ गेली तर अंडी उघडी पडतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं हेही अभ्यासात बसत नाही.

पाणी. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर पहाटे मोजा. रात्रभर वनस्पती आणि शेवाळ श्वास घेत असतात, प्राणवायू तयार करत नाहीत, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. भर दुपारी मोजून सगळं ठीक आहे असं लिहिलंत आणि चार दिवसांनी मासे तरंगले, तर नोंद खरी असूनही दिशाभूल करणारी ठरते. जलकुंभीसाठी उपकरण लागत नाही. एकाच दगडावर उभं राहून, एकाच उंचीवरून, दर महिन्याच्या एकाच तारखेला फोटो. काठावरचा गाळ फसवा असतो, एकट्यानं उतरू नका.

माणसं. बगीचा कुणासाठी आहे हे कळायला माणसंही मोजावी लागतात. तासाभरात किती जण आले, कुठल्या फाटकानं, मुलं किती, बायका किती, काठी टेकत येणारे किती. फक्त संख्या घ्या. नावं नकोत, फोटो नकोत, कुणाच्या मागं जाणं तर नकोच. प्रश्न विचारायचे असतील तर आधी कारण सांगा. नको म्हणालं कुणी, तर नमस्कार करून पुढं व्हा.

६. रंगीत तालीम

खऱ्या कामाआधी एक दिवस सगळं करून पाहा. तक्त्यात रकाना कमी आहे, डबा मातीत जात नाही, पाचव्या ठिकाणी पोचेपर्यंत ऊन चढतं, हे सगळं त्याच दिवशी कळतं. त्या दिवसाचे आकडे अभ्यासात धरू नका.

७. वही

मोबाइलमध्ये लिहिलंत तरी शेजारी कागदी वही असू द्या. बॅटरी संपते, पेन्सिल संपत नाही. प्रत्येक पानाच्या वर तारीख, सुरू आणि बंद केल्याची वेळ, जागेचा क्रमांक, हवा, कोण कोण होतं. नोंद जागेवरच करायची, घरी जाऊन आठवून नाही. चुकलं तर एक रेघ मारा, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. त्याच संध्याकाळी तक्त्यात उतरवा. एका ओळीत एकच नोंद, एका रकान्यात एकच गोष्ट. '१२ वारकरी, बहुतेक' असं एका रकान्यात कोंबलं की नंतर बेरीजही होत नाही आणि शंकाही हरवते. शंकेसाठी वेगळा रकाना ठेवा.

८. आकडे वाचताना

सरासरी काढाच, पण मधला आकडाही काढा. सगळी वाचनं लहान-मोठ्या क्रमानं मांडली की जो मधोमध येतो तो. एखादा डबा भेगेवर बसला तर सरासरी बिघडते, मधला आकडा फारसा हलत नाही. मग आलेखाच्या कागदावर सगळे बिंदू टाका. डोळ्यांना फरक दिसतो का? दोन्ही प्रकारच्या जागांचे बिंदू एकमेकांत मिसळलेले असतील तर फरक सापडला नाही असं सरळ लिहा. तेही उत्तर आहे आणि त्यानं कुणाचा तरी खर्च वाचतो.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं लिहू नका. आमच्या कोपऱ्यात माती चेपलेली होती आणि रोपं मरत होती. पण तिथं दुपारचं ऊनही थेट होतं. म्हणून आम्ही लिहिलं की चेपलेली माती हे एक कारण दिसतं, ऊन हे दुसरं असू शकतं, आणि माती मोकळी करून पाहणं स्वस्त आहे म्हणून आधी ते करावं. अधिकाऱ्यांना असं लेखन आवडतं, हा माझा अनुभव आहे. सगळं ठाऊक असल्याच्या थाटातल्या अहवालावर त्यांचा विश्वास बसत नाही.

९. उत्तर कुणाच्या हातात, आणि केव्हा

चाळीस पानांचा अहवाल हौसेनं करा, पण द्यायचं ते एक पान. वर तीन ओळींत उत्तर. खाली एक नकाशा किंवा एक आलेख. त्याखाली काय करावं, त्याला अंदाजे किती मजूर-दिवस लागतील, आणि काय अजून कळलेलं नाही. मागच्या बाजूला मोजण्याची रीत, म्हणजे उद्या दुसरं कुणी तसंच मोजू शकेल.

वेळ फार महत्त्वाची. लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला होते, खड्डे आणि रोपांची मागणी त्याआधी ठरते. तुमचं पान ऑगस्टमध्ये पोचलं तर ते पुढच्या वर्षापर्यंत कपाटात बसेल आणि तोवर साहेबांची बदली झालेली असेल. फेब्रुवारीत मोजा, मार्च संपायच्या आत द्या. अवजारं किंवा जाळी विकत घ्यावी लागणार असेल तर त्याहून आधी, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. तुटलेला नळ किंवा पडकं कुंपण यासाठी अभ्यास करत बसू नका. ती तक्रार इंदूर ३११ ॲपवर करा आणि मोकळे व्हा.

पानाची एक प्रत माळीदादांना, चौकीदारांना, ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला वाचून दाखवा. मी आधी त्यांनाच दाखवते. आमच्या मसुद्यात चूक होती ती माळीदादांनीच पकडली. पाणी सोडण्याची वेळ आम्ही सकाळची लिहिली होती, उन्हाळ्यात ते संध्याकाळी सोडतात.

नोंदी स्वतःच्या पेटीत ठेवू नका. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. झाडांच्या, पक्ष्यांच्या, औषधी वनस्पतींच्या तुमच्या पक्क्या नोंदी तिथं द्या. पक्ष्यांच्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, तिथं त्या वर्षानुवर्षं शोधता येतात.

१०. पुन्हा मोजा

आमच्या पानानंतर त्या कोपऱ्यात काय झालं ते सांगते. मे महिन्यात कुदळीनं माती मोकळी केली, वर पाचोळ्याचा वीतभर थर दिला. लोकांना वाट हवीच होती, म्हणून तिरक्या पायवाटेवरच चार फरश्या टाकून ती पक्की केली आणि बाजूला गुडघ्याएवढी काठ्यांची कड बांधली. जुलैत करंजाची आणि कांचनाची रोपं लागली. यंदाच्या होळीला त्यांतली बहुतेक हिरवी होती. दोन गेली, ती दोन्ही दुपारचं ऊन थेट येतं त्या टोकाची. उन्हाबद्दल जे वाक्य आम्ही शंका म्हणून लिहिलं होतं ते आता पुढच्या अभ्यासाचा प्रश्न झालं आहे. त्या टोकाला सावलीची जाळी लावून आणि न लावून, असे दोन वाफे ठरले आहेत.

डबा, खुणेची काठी, चिरलेल्या फळकुटाच्या जागी आणलेलं नवं, आणि सगळ्या ठिकाणांच्या खुणा केलेला नकाशा माळीदादांच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या पिशवीत आहे. आमच्यापैकी कुणी नसलं तरी ज्याला मोजायचंय त्याला ती मिळते. पुढचं वाचन फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठ वाजता.